वर्तनी, जकात व पथकर
रस्त्यांच्या दुरुस्तीचा खर्च कोणावर पडावा, याचा पूर्वापार विचार

जुन्या दप्तरांत जकातीचे कागद जितके विपुल आढळतात, तितकीच त्यांची उपेक्षाही होते. सनद, महजर किंवा एखादें थोरलें पत्र हातीं आलें तर संग्राहक तें जपून ठेवितो. पण नाक्यावरील हिशेबाचा बंद, दस्तकाची नक्कल, बैलांच्या खेपांची याद हीं रुक्ष म्हणून गठ्ठ्याच्या तळाशीं जातात. वस्तुतः आज आपण प्रत्येक नाक्यावर थांबून मनांत जो प्रश्न करितों, ‘हे पैसे मीं कां द्यावयाचे, आणि त्यांचें होतें काय?’, त्याचें उत्तर शोधावयाचें तर याच कागदांकडे वळलें पाहिजे. प्रस्तुत लेखांत ग्रंथांतील वचनें, मराठी व इंग्रजी अमदानींतील वहिवाट आणि आजची व्यवस्था यांची संगति लावून, वाहनांवरील कर कोणत्या तत्त्वांवर न्याय्य ठरतो हें पाहण्याचा उद्देश आहे.

१. शब्दविचार

या विषयांतील कांहीं शब्द एकमेकांत इतके मिसळले आहेत कीं प्रथम ते निवडून घेणें अवश्य आहे. ‘शुल्क’ म्हणजे मालाच्या आयात-निर्यातीवरील अथवा क्रयविक्रयावरील देणें. ‘जकात’ हा शब्द मूळचा अरबी. तेथें तो धर्मदायाचा वाचक आहे. आपल्याकडे राजव्यवहारांत तो मालावरील कर या अर्थानें रूढ झाला. ‘पथकर’ हें अलीकडे बनविलेलें नांव, आणि लोकांच्या तोंडीं मात्र ‘टोल’ हाच इंग्रजी शब्द बसला आहे. या सर्वांहून जुना व अन्वर्थक शब्द ‘वर्तनी’ हा होय. वैदिक वाङ्मयांत ‘वर्तनि’ म्हणजे चाकाची धाव किंवा चाकानें पडलेली वाट; कौटिल्यानें तोच शब्द वाटेच्या उपयोगाबद्दलच्या कराला लाविला. करास चाकोरीचें नांव मिळावें यांतच त्याचें स्वरूप स्पष्ट होतें. जो वाट झिजवितो त्यानें झिजेचें मोल द्यावें, हा त्याचा इत्यर्थ.

मालावरील कर व वाटेवरील कर हा भेद ध्यानांत न ठेविल्यामुळें पुष्कळ घोटाळा होतो. शिवछत्रपतींनीं १६७१ सालीं कुडाळ प्रांताचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस बारदेशच्या मिठावर भारी जकात बसविण्याविषयीं जें पत्र लिहिलें, तें आपल्या वाचकांच्या परिचयाचें आहे. ती जकात स्वराज्यांतील मिठाच्या व्यापाराचें रक्षण करण्यासाठीं होती. तिचा रस्त्याशीं संबंध नव्हता. नगरपालिकांची जकात हीही मालावरचीच. मुंबईंतील ती जकात १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर आल्यावर बंद झाली. ‘जकात गेली तरी नाका राहिलाच’ असें जें लोक म्हणतात तें या दोन करांस एक समजल्यामुळें.

२. कौटिल्य आणि मनु

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या ग्रंथालयांत शामशास्त्री यांच्या हातीं आली व १९०९ सालीं तो ग्रंथ मुद्रित झाला. पुढें १९६० पासून प्रा. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें प्रसिद्ध केली. या ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांत शुल्काध्यक्षाच्या प्रकरणीं वर्तनीचे दर दिले आहेत. सीमेवरील अंतपालानें विक्रीच्या मालाच्या वहनामागें सव्वा पण घ्यावा; एकखुरी जनावरामागें एक पण, गुरामागें अर्धा पण, लहान जनावरामागें पाव पण आणि खांद्यावरील ओझ्यामागें एक माष घ्यावा. पणाचे सोळा माष धरिले तर मालाच्या वहनावरील वर्तनी खांदेकऱ्याच्या वीसपट होते. म्हणजे ज्याचा भार वाटेवर अधिक, त्याचें देणें अधिक, असा हा स्थूल क्रम आहे.

परंतु याहून महत्त्वाचें वाक्य त्यापुढेंच आहे. वाटेंत जें हरवेल किंवा चोरीस जाईल तें अंतपालानें भरून द्यावें, असें कौटिल्य सांगतो. वर्तनी घेणें व वाट निर्धोक राखणें हीं एकाच कराराचीं दोन अंगें झालीं. जो घेतो तो बांधला जातो. केवळ सीमेवर बसला म्हणून त्यास घेण्याचा अधिकार येत नाहीं.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत नदीच्या उताऱ्याचे दर आहेत. रिकाम्या गाड्यास एक पण, माणसाच्या ओझ्यास अर्धा पण, पशूस व स्त्रीस पाव पण आणि मोकळ्या माणसास त्याच्याही निम्मे. मालानें भरलेल्या गाड्यांनीं मात्र ‘सारतः’ द्यावें, म्हणजे टीकाकारांच्या मतें आंतील मालाच्या मोलाप्रमाणें. लांबच्या मार्गास देशकालानुसार दर ठरावा. नावाड्यांच्या अपराधानें मालाचें नुकसान झाल्यास तें नावाड्यांनींच वांटून भरावें. दैवी आपत्तीनें झाल्यास त्यांजवर दंड नाहीं.

येथें दोन निराळीं मापें दिसतात. कौटिल्याचें माप मुख्यतः भाराचें, तर मनूचें भरल्या गाड्यापुरतें मोलाचें. आजचा सगळा वाद या दोन मापांतच गुंतला आहे, हें पुढें दिसून येईल. उत्तरदायित्वाच्या बाबतींत मात्र दोन्ही ग्रंथ एकमुखानें बोलतात.

३. मराठी अमदानी

नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजणास लोक जकातीचा रांजण म्हणतात. ही परंपरा कितपत जुनी आहे याचा निर्णय येथें करण्याचें कारण नाहीं. पण घाटाच्या तोंडाशीं देणें द्यावयाचें ही कल्पना लोकांच्या मनांत किती खोल रुजली आहे, याची ती साक्ष आहे. पुढील काळांत घाटावरचा हिशेब ठेवणारे घाटपांडे झाले, आणि तें पद आडनांवांत आजही शिल्लक आहे.

पेशवाईंत माल भरला त्या ठिकाणीं घ्यावयाची ती थळभरीत व माल उतरला किंवा विकला त्या ठिकाणची ती थळमोड. यांच्या मधल्या वाटेवर ठिकठिकाणीं जकातीचीं ठाणीं. ज्याच्याजवळ माफीचें दस्तक असे तो सुटे. इतरांस दर ठाण्यावर गोण्या उतरून दाखवाव्या लागत. हा त्रास चुकविण्यासाठीं हुंडेकरी नांवाचा एक वर्गच उत्पन्न झाला. एल्फिन्स्टन यांनीं १८१९ च्या आपल्या अहवालांत त्यांचें वर्णन केलें आहे. ठराविक रक्कम घेऊन सबंध मुलुखांतून माल पार करून देण्याचा पत्कर ते घेत आणि वाटेवरील जकातदारांशीं परस्पर हिशेब ठेवीत. आज वाहनाच्या कांचेवर चिकटविलेली व फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर सक्तीची झालेली ‘फास्टॅग’ची पट्टी पाहिली म्हणजे या हुंडेकऱ्यांची आठवण होते. थांबण्याचा त्रास जितका कमी, तितका कर लोकांस सुसह्य, हें त्या व्यापाऱ्यांनीं अनुभवानें ओळखलें होतें.

तथापि एक उणीव मान्य केली पाहिजे. ही जकात राजाच्या वसुलाचा एक भाग होती. तिचा पैसा त्याच वाटेवर खर्चावा असें बंधन नव्हतें. बैलांच्या तांड्यांस खडीच्या सडकेची गरज नसल्यामुळें ही उणीव फारशी जाणवलीही नाहीं. चाकें येतांच ती जाणवूं लागली.

४. एक आणा पट्टीपासून जयकर समितीपर्यंत

बोरघाटांतून चाकाच्या गाड्यांचा रस्ता १८३० च्या नोव्हेंबरांत सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत खुला झाला. मुंबई इलाख्यांतील मालावरील वाहतूक-जकात १८३८ सालीं उठली, आणि तिच्या जागीं केवळ सडका व पूल यांवरील टोल येत गेला. १८५१ चा आठवा कायदा व मुंबई इलाख्याचा १८७५ चा तिसरा कायदा हे त्याचे आधार होत. मालावरील कर जाऊन वाटेवरील कर आला, ही सुधारणाच म्हटली पाहिजे.

पण गांवोगांवच्या सडकांचा मोठा भार कोणावर पडला? तो शेतकऱ्यावर. १८६९ च्या लोकल फंडाच्या कायद्यान्वयें सरकारसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा पट्टी बसली; तींतील दोन तृतीयांश रस्त्यांकडे व एक तृतीयांश शाळांकडे जाई. ज्याच्या दारीं गाडा नाहीं, ज्याच्या वावरास वाट नाहीं, त्यानेंही सडकेची पट्टी द्यावयाची. त्या पट्टीवर आमच्यासारख्यांच्या शाळा उभ्या राहिल्या, ही कृतज्ञतेची गोष्ट खरी. तथापि रस्त्याच्या दृष्टीनें पाहतां देणारा व वापरणारा यांची येथें फारकत झाली.

मोटारी वाढल्यावर हा अन्याय डोळ्यांत भरूं लागला. १९२७ सालीं बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठीं समिति नेमली गेली व १९२८ सालीं तिचा अहवाल आला. पुढें पुणें विद्यापीठाचे पहिले कुलगुरु म्हणून जयकरांचें नांव सर्वतोमुखीं झालें. पण त्यांचें हें काम मागें पडलें आहे. समितीचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, मोठ्या रस्त्यांचा खर्च प्रांतांच्या व स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर गेला असून त्याचा भार मध्यवर्ती सरकारनें उचलावा, आणि त्यासाठीं पेट्रोलवर जादा कर घ्यावा. त्याप्रमाणें १ मार्च १९२९ पासून गॅलनमागें चार आण्यांचे सहा आणे झाले. या जादा दोन आण्यांचा निराळा मध्यवर्ती रस्ता-निधि करण्यांत आला आणि त्यांतील मोठा भाग पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणांत प्रांतांस मिळूं लागला.

या योजनेचा मोठेपणा असा कीं नाका नाहीं, झडती नाहीं. जो जितका चालेल तितकें तेल जाळील व तितका कर देईल. शिवाय पैसा निराळ्या पेटींत पडतो. एक आणा पट्टीच्या मानानें हें न्यायाकडे टाकलेलें मोठें पाऊल होतें.

५. भाराचें गणित

तेलाच्या कराचें एक वैगुण्य मात्र तेव्हां कोणास मोजतां आलें नव्हतें. १९५८ ते १९६० या काळांत अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानांत ओटावा गांवाजवळ मुद्दाम बांधलेल्या सडकांवर निरनिराळ्या वजनाचे ट्रक सतत चालवून पाहण्यांत आले. त्यावरून असा स्थूल नियम निघाला कीं, सडकेची हानि आंसावरील भाराच्या चतुर्थ घाताप्रमाणें वाढते. भार दुप्पट तर हानि सोळापट. निरनिराळ्या बांधणीच्या सडकांवर हा घात कमीअधिक होतो; परंतु प्रमाणाची कल्पना येण्यास तो पुरेसा आहे.

उदाहरण घेऊं. लहान मोटारीच्या एका आंसावर ७०० किलो भार धरला आणि ट्रकच्या मागील आंसावर १०.२ टन धरला, तर भारांचें प्रमाण सुमारें साडेचौदापट, पण हानीचें प्रमाण सुमारें ४५ हजारपट येतें. तेल मात्र ट्रकला मोटारीच्या चारपांचपटच लागतें. आपल्या देशांत चार चाकांच्या एकेरी आंसाची कायदेशीर मर्यादा २०१८ सालीं १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यांत आली. भार आठवा हिस्सा वाढला. हानि मात्र याच गणितानें सुमारें ६० टक्क्यांनीं वाढते. मर्यादेबाहेरचा भार तर विचारूंच नये. १० टनांच्या जागीं १२ टन भरले कीं हानि दुप्पट झाली.

हें केवळ पुस्तकी गणित नव्हे. प्रस्तुत लेखकाची नोकरी उसाच्या मुलुखांत झाली. गळिताचा हंगाम सुरू झाला कीं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस आमच्या शाळेच्या वाटेनें जात. चैत्रापर्यंत सडकेची चाळण होई व पहिल्या पावसांत तिचा ओढा होई. एका वर्षीं त्या कारणानें एस. टी. ची गाडी फाट्यापर्यंतच येऊं लागली, आणि पलीकडच्या तीन वाड्यांतील मुलींचीं नांवें हजेरीपटावरून एकामागून एक कमी झालीं. सडक कोणी झिजविली व तिचें मोल कोणीं दिलें, याचा विचार तेव्हांपासून मनांतून गेला नाहीं.

६. आजची स्थिति

आज वाहनधारक तीन वाटांनीं देतो. पहिला, राज्याचा वाहनकर. मुंबईचा १९५८ चा कायदा हा त्याचा आधार. खासगी मोटारी व दुचाकी यांवर तो नोंदणीच्या वेळीं किमतीच्या शेकडेवारीनें एकरकमी घेतला जातो. हें मनूचें ‘सारतः’ झालें. गाडी महाग म्हणून कर अधिक; ती वर्षांत पांचशे मैल चालते कीं पन्नास हजार, याचा संबंध नाहीं. ऐपतीवरचा कर म्हणून त्याचें समर्थन होईल. रस्त्याचें मोल म्हणून होणार नाहीं.

दुसरा, तेलावरील उपकर. जयकरांच्या निधीस २००० सालीं स्वतंत्र कायद्याचें रूप मिळालें. परंतु २०१८ सालीं त्याचें नांव ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधि’ असें होऊन रेल्वे, जलमार्ग, पाणीपुरवठा, आरोग्य, शिक्षण अशीं इतरही कामें त्याच्या कक्षेंत आलीं. कामें सर्व चांगलीं. पण निराळी म्हणून केलेली पेटी पुन्हां सामाईक झाली. शिवाय विजेवर चालणारीं वाहनें पेट्रोल घेतच नाहींत. त्यांची संख्या वाढेल तसतसा हा झरा आटत जाईल, आणि जुनी दुचाकी घेऊन कामावर जाणारा मजूर नव्या विजेच्या गाडीच्या वाटेचाही खर्च भरूं लागेल.

तिसरा, पथकर. येथें सूट हा प्रश्न येतो. महाराष्ट्रांत २०१५ सालीं बारा नाकीं बंद झालीं व त्रेपन्न नाक्यांवर लहान मोटारी व एस. टी. यांस माफी मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्यें मुंबईच्या पांच प्रवेशनाक्यांवरही हलक्या वाहनांस माफी झाली. लोकांस आनंद होणें स्वाभाविक होतें. परंतु ठेकेदाराशीं करार झालेला असतां माफीची भरपाई सरकारी तिजोरींतून होते, आणि तिजोरींत ज्याच्याजवळ मोटार नाहीं त्याचाही पैसा असतो. कौटिल्यानेंही विवाह, यज्ञ, प्रसूति इत्यादि कार्यांच्या वस्तूंस शुल्क माफ केलें आहे. पण ती माफी प्रयोजन पाहून दिलेली आहे. कोणास व कशासाठीं हें न सांगतां दिलेली माफी म्हणजे एकाचें देणें दुसऱ्याच्या खातीं मांडणें होय.

न्यायालयांतही हा विचार झाला आहे. रस्त्याच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर व्यापाराच्या घटनादत्त स्वातंत्र्याआड येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९६२ सालीं राजस्थानच्या मुकदम्यांत म्हटलें होतें. २०१६ सालीं नऊ न्यायमूर्तींच्या पीठानें बहुमतानें ही मोबदल्याची कसोटीच सोडून दिली. त्यामुळें वाहनकर व रस्ता यांचा मेळ घालणें आतां मुख्यतः विधिमंडळांच्या सदसद्विवेकावर आलें आहे. उलटपक्षीं पथकराच्या बाबतींत २०२५ च्या ऑगस्टांत एक लक्षणीय गोष्ट घडली. केरळांतील पालियेक्करा येथील नाक्याची वसुली रस्त्याच्या दुःस्थितीमुळें तेथील उच्च न्यायालयानें तहकूब केली, आणि सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें. अंतपालाचें कर्तव्य अशा रीतीनें पुन्हां जागें झालें.

७. न्याय्य मार्ग

वरील विवेचनावरून चार तत्त्वें निघतात. पहिलें भाराचें : अवजड वाहनांवरील कर आंसावरील भार व चाललेलें अंतर यांच्या गुणाकारावर असावा. हें अशक्य नाहीं. न्यूझीलंडमध्यें डिझेलच्या वाहनांस १९७८ पासून अंतराप्रमाणें कर द्यावा लागतो, व १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या मोटारीही त्यांत आल्या. स्वित्झर्लंडमध्यें २००१ पासून साडेतीन टनांवरील वाहनें वजन, अंतर व धूर या तिहींच्या मानानें कर देतात, आणि त्याचा एक तृतीयांश तेथील प्रांतांस मिळतो. अवजड वाहनांवर कर वाढला तर धान्य महागेल, असा आक्षेप येईल. पण तो खर्च आजही होतोच. फक्त तो भावांत न दिसतां खड्ड्यांत दिसतो. शिवाय भार आंसागणिक मोजल्यास अधिक आंसांच्या गाडीवर माल विभागून नेणाऱ्यास कर कमी पडेल, व सडकही वांचेल.

दुसरें सामाईक वांट्याचें : सर्वच हानि चाकांनीं होत नाहीं. कोंकणांतील सडक वाहन न जातांही पावसानें व तुंबलेल्या गटारानें खचते. मनूनें दैवी हानि निराळी काढली ती याच न्यायानें. शिवाय ज्या वाडीस दिवसांतून दोन गाड्या जातात तिची सडक तेथील कराच्या पैशावर कधींच उभी राहणार नाहीं. हा खर्च सर्वांच्या तिजोरींतून, आणि सर्व वाहनांवरील एका लहान सारख्या रकमेतून व्हावा.

तिसरें पेटीचें : रस्त्याच्या नांवानें घेतलेला पैसा निराळ्या खातीं राहावा, त्याचा जमाखर्च दर वर्षीं छापून निघावा, आणि नव्या बांधकामापूर्वीं जुन्याची दुरुस्ती त्यांतून व्हावी.

चौथें बांधिलकीचें : घेणारा बांधलेला असावा. सडक नादुरुस्त तर वसुली तहकूब, हा नियम न्यायालयापर्यंत न जातां करारांतच लिहिलेला असावा. माफी द्यावयाची तर प्रयोजन व तिची भरपाई कोणत्या खात्यांतून, हें त्याच आज्ञेंत नमूद असावें.

या चारांपैकीं एकही तत्त्व नवें नाहीं. भार व बांधिलकी कौटिल्याजवळ आहेत, दैवी हानीचा भेद मनूजवळ आहे, पेटी जयकरांनीं दाखविली, आणि थांबविण्याचा त्रास कमी असावा हें हुंडेकऱ्यांनीं शिकविलें. चारही एकत्र मात्र कोणत्याच काळीं नांदलीं नाहींत.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ज्यांच्याजवळ घाटांवरील जकातीचे हिशेब, दस्तकें, टोलनाक्यांच्या मक्त्याचे कागद किंवा लोकल फंडाच्या जुन्या वह्या असतील, त्यांनीं त्या रद्दींत न घालतां निदान त्यांची याद करून मंडळाकडे पाठवावी. कोणत्या वाटेवर किती घेतलें आणि तिच्यावर किती खर्चिलें, हे दोन आंकडे एका जुन्या नाक्याचे जरी समोरासमोर मांडतां आले, तरी वर जें अनुमानानें लिहिलें आहे तें पुराव्यानें पारखतां येईल.